सुई टोचणारे पुष्कळ, उलटी झाली की फोन उचलणारं कुणी नाही

मध्यंतरी आठ-दहा दिवस माझी एकही पोस्ट नव्हती. दोघा-तिघांनी फोन करून विचारलं, "काय पत्रकार, नगरपरिषदेनं गप्प बसवलं काय?" तसं काही नाही. माझी थोरली बहीण दवाखान्यात होती आणि मी तिच्या उशाशी होतो. आज त्यावरच लिहायचंय. लांबलचक होणार आहे. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण तुमच्या घरात कुणी वजन कमी करायचं इंजेक्शन घेत असेल तर आजच वाचा. आणि "आमच्या घरात कुणी घेत नाही" असं छातीठोकपणे सांगू नका. दाजीही तसंच सांगत होते.

ताईची परवानगी घेऊन लिहितोय. आधी ती नको म्हणाली. मग दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, "लिही. फक्त माझं नाव टाकू नको आणि माझं वजन किती होतं ते टाकू नको." दोन्ही टाकणार नाही.

ताईला नऊ वर्षांपासून शुगर आहे. गुडघे गेलेत. देवघरासमोर मांडी घालून बसणं बंद झालं त्याला चार वर्षं झाली. धाकट्या भाच्याचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि तिच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की फोटोत आपण विहीणबाईंच्या शेजारी उभं राहणार. आपल्या बसस्टँड रोडला एक स्लिमिंग सेंटर आहे. नाव लिहीत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. बोर्डावर एका डॉक्टरांचं नाव आहे आणि खाली 'दर रविवारी भेटतील'. ताई तिथं सात वेळा गेली. सातही वेळा बुधवार होता.

चिठ्ठी नाही, बिल नाही, रक्ताची तपासणी नाही. रिसेप्शनवरची पोरगी पोटावर इंजेक्शन टोचायची आणि एका गुलाबी कार्डावर वजन लिहायची. त्या पोरीला मी दोष देत नाही, तिला सात-आठ हजार पगार असेल. ताईला शुगर आहे, रोज सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे, हे त्या कार्डावर लिहायला रकानाच नव्हता.

हे औषध पायरी-पायरीनं वाढवायचं असतं. सगळ्यात कमी डोस चार आठवडे, तो अंगाला मानवला तर पुढची पायरी, तिथं पुन्हा निदान चार आठवडे. कंपनीच्या कागदावर हे छापलेलं असतं. ताईला पाच आठवड्यांत तिसऱ्या पायरीवर नेलं. कारण काय, तर लग्न जवळ आलंय, रिझल्ट दिसला पाहिजे. डोस कुणी ठरवला? लग्नाच्या मुहूर्तानं ठरवला.

तिसऱ्या पायरीनंतर उलट्या सुरू झाल्या. पाणी प्यालं तरी बाहेर. घरात लग्नाची गडबड, पापड-कुरडया, पत्रिका वाटप. ताई मागच्या दारी जाऊन उलटी करायची आणि तोंड धुऊन परत बायकांत येऊन बसायची. घरात कुणालाच माहीत नव्हतं. फक्त माझ्या बायकोला माहीत होतं आणि तिला ताईनं शपथ घातली होती. सेंटरचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. ताईनं त्यावर लिहिलं, "दोन दिवस काही खाल्लेलं टिकत नाही." उत्तर आलं, "गुड साइन मॅडम, बॉडी ॲडजस्ट होतेय. लिंबूपाणी घ्या." खाली कुणाचा तरी अंगठा. बस.

लग्नाला अकरा दिवस उरले होते. पहाटे दाजींना जाग आली तर ताई घामानं चिंब, बोलणं तुटक, दाजींना ओळखत नाही. त्यांना वाटलं लकवा मारला. दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर 46. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर भानावर आली. लघवी जवळजवळ बंद होती, क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं चालू आहेत? ताईनं शुगरची सांगितली, बीपीची सांगितली. इंजेक्शनचं सांगितलं नाही. कॉटच्या एका बाजूला दाजी उभे, दुसऱ्या बाजूला होणारे व्याही. कशी सांगणार?

दोन दिवस उपचार चालले ते पोटाच्या इन्फेक्शनचे. उन्हाळा आहे, बाहेरचं काही खाण्यात आलं असेल. दुसऱ्या रात्री दोन वाजता बायकोनं मला शपथ मोडून फोन केला. सकाळी राउंडला मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "हे पहिल्या मिनिटाला कळायला पाहिजे होतं."

त्यांनी मला जे समजावलं ते सोप्या भाषेत असं. हे औषध जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला पोट भरल्याचा निरोप देतं. म्हणून भूक मरते, म्हणूनच मळमळ होते. ताई खात नव्हती, खाल्लेलं टिकत नव्हतं, पण ग्लिमेपिराइडची गोळी रोज घेत होती. ती गोळी पोटात अन्न आहे की नाही हे बघत नाही, ती शरीराकडून इन्शुलिन काढतच राहते. शुगर खाली गेली. उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, त्याचा मार किडनीवर बसला. आणि आठवड्याचं इंजेक्शन एकदा टोचलं की परत काढता येत नाही. त्याचा अंमल निम्म्यावर यायलाच पाच ते सात दिवस लागतात. गोळी बंद केली की संपलं, तसं हे नाही.

यातली एकही गोष्ट गुपित नाही. शुगरच्या ठराविक गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर त्यांचा डोस कमी करायचा विचार आधी करा, हे माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, घडी घालून खोक्यात. सेंटरनं ताईला खोकं कधी दाखवलंच नाही.

आता इथं काही मंडळी उड्या मारतील, बघा, आम्ही म्हणत होतो ना, ही विदेशी इंजेक्शनं म्हणजे विष. थांबा. मी ते म्हणत नाहीये. हे औषध काम करतं. 2021 ला सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, त्यात 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. 2022 ला टिर्झेपटाइडची झाली, त्यात सगळ्यात मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 20 टक्क्यांच्या वर. शुगरवाल्या, गुडघे गेलेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही. डिसेंबर 2025 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही लठ्ठपणासाठी ही औषधं वापरायला अटी घालून शिफारस दिली. बंदी घाला म्हणणाऱ्यांनी ताईसारखं जिना चढताना कठड्याला धरून दोनदा थांबून दाखवावं.

"त्यापेक्षा सकाळी चालायला जा" म्हणणाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या गावात बाईमाणसानं पहाटे चालावं असा एक रस्ता दाखवा. एका बाजूला उघडी गटार, दुसऱ्या बाजूला कुत्री. ट्रॅक करू म्हणून नगरपरिषदेनं नारळ फोडला त्या जागेवर आज वाळूचे ढीग आहेत. त्याचे फोटो मी तीनदा टाकलेत.

माझं भांडण औषधाशी नाही. माझं भांडण ते विकायच्या पद्धतीशी आहे. त्याच 2021 च्या चाचणीत औषध घेणाऱ्या शंभरातल्या 44 जणांना मळमळ झाली होती. जवळजवळ निम्मे! म्हणजे मळमळ हा अपघात नाही, ती ठरलेली पाहुणी आहे. येणार हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. बहुतेकांची ती सौम्य असते, डोस वाढवताना येते आणि हळूहळू जाते. पण येणार हे ठाऊक असताना जो माणूस पैसे घेऊन सुई टोचतो आणि मग गिऱ्हाईक उलटी करत असताना फोन उचलत नाही, त्याला मी उपचार करणारा म्हणणार नाही. पंप विकणारा दुकानदारसुद्धा पंप जळला तर मेकॅनिक पाठवतो.

मी त्या सेंटरला फोन लावला. पहिल्यांदा उचलला. म्हणाले, "पेशंटनं शुगरचं सांगितलं नाही." मी म्हणालो, "तुम्ही विचारलं होतं का?" म्हणाले, "सर रविवारी येतील, तेव्हा बोला." रविवारी गेलो. सर नव्हते. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

आता माझ्या वाट्याचं. हे लिहायला जड जातंय, पण नाही लिहिलं तर वरचं सगळं खोटं ठरेल. गुढीपाडव्याच्या पुरवणीत या सेंटरची चौथाई पान जाहिरात होती. 'महिन्यात 8 किलो, गॅरंटीसह'. ती जाहिरात मी आणली होती. तालुक्याच्या पत्रकाराचं पोट पगारावर चालत नाही, जाहिरातीच्या कमिशनवर चालतं, हे तुम्हाला माहीत आहे. कमिशन मी घेतलं. ताईनं ती जाहिरात कापून उशीखाली ठेवली होती. भावाच्या पेपरात आलंय म्हणजे खरं असणार, असं तिनं माझ्या बायकोला सांगितलं होतं.

मी पत्रकारितेचा डिप्लोमा केला तेव्हा माध्यम कायदे असा एक पेपर होता. त्यात 1954 चा एक कायदा होता, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. आम्ही तो ताईत, गंडेदोरे आणि मर्दानगीच्या जाहिरातींचा कायदा म्हणून पाठ केला, पाच मार्कांची टीप लिहिली आणि विसरलो. परवा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मोबाइलवर पुन्हा वाचला. त्याला एक परिशिष्ट आहे, ज्या रोगांवर औषधाची जाहिरात करायचीच नाही त्यांची यादी. त्या यादीत लठ्ठपणा आहे. मधुमेहसुद्धा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नव्हे, पत्रक, लेबल, भोंग्यावरून ओरडणं, सगळं त्यात धरलंय. 1954 ला व्हॉट्सॲप स्टेटस नव्हतं, पण कायद्याची व्याख्या एवढी रुंद आहे की तुमचं 'बिफोर-आफ्टर' त्यातून निसटेल असं मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट चिठ्ठीची. ही प्रिस्क्रिप्शनवर मिळणारी औषधं आहेत. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय किरकोळ विक्री करायची नाही हा नियम आहे आणि तो खोक्यावर छापलेला असतो. मी परवा मुद्दाम आपल्या गावातल्या पाच मेडिकलमध्ये गेलो. दोघांनी चिठ्ठी मागितली. त्यांना नमस्कार. तिसरा म्हणाला, "साहेब, उद्या मागवून देतो, कितीचं पाहिजे?" चौथ्यानं विचारलं, "स्वतःसाठी का वहिनींसाठी?" पाचवा मला ओळखतो, तो नुसता हसला. हे सगळे माझे मित्र आहेत. गणपतीची वर्गणी आम्ही मिळून गोळा करतो. तरी लिहितोय.

आणि हे आता वाढणार आहे, कमी होणार नाही. मार्च 2025 मध्ये मोंजारो भारतात आलं तेव्हा सगळ्यात कमी डोसची एक कुपी साडेतीन हजारांची होती. महिन्याचे चौदा हजार. त्यामुळे ते डॉक्टर, बिल्डर आणि पुढाऱ्यांच्या घरापुरतं राहिलं. त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही आलं. मार्च 2026 ही सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली शेवटची मुदत. पेटंट गेलं की देशी कंपन्यांना वाट मोकळी, आणि स्पर्धा आली की भाव उतरतो. स्वस्त होणं चांगलंच आहे, गरिबाच्या गुडघ्यालाही गुडघाच म्हणतात. पण औषध स्वस्त होतं म्हणून देखरेख आपोआप येत नाही. सुई तालुक्याला पोचते आणि सुईचं भलंबुरं बघणारा डॉक्टर जिल्ह्यालाच राहतो.

एका कुपीत दोघी वाटून घेतात हेही मी या पंधरा दिवसांत ऐकलं. मोठ्या डोसची कुपी घ्यायची, अर्धी जावेला, अर्धी आपल्याला, म्हणजे पैसे वाचतात. बायांनो, मोंजारोची कुपी एकाच डोससाठी भरलेली असते. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून पुढच्या बुधवारी टोचायला ती बनवलेली नाही, आणि सिरिंज एकच असेल तर त्याबद्दल मी काही बोलतच नाही.

फ्रिजवरून आठवलं. हे औषध 2 ते 8 अंशांत ठेवायचं असतं. बाहेर ठेवायची काही मुभा असते, पण ती 30 अंशांपर्यंत आणि मोजक्या दिवसांसाठी. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत 42. दुपारी लाइट जाते ती किती वेळ जाते हे तुम्हाला सांगायला नको. सेंटरच्या फ्रिजला इन्व्हर्टर आहे का, हे कुणी विचारलंय? कुरिअरच्या खोक्यातला बर्फ संभाजीनगरहून इथं येईपर्यंत राहतो का? औषध उन्हात खराब झालं की काम करत नाही, मग 'फरक पडत नाही' म्हणून डोस वाढवला जातो, आणि पुढच्या वेळी कुपी चांगली निघाली की माणूस आडवा होतो.

ताईला जे कुणी सांगितलं नाही ते मी इथं लिहितोय. माझ्या डोक्यातलं नाही, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आणि आहार सांगणाऱ्या मॅडमनी सांगितलेलं. यावरून स्वतः डॉक्टर होऊ नका.

इंजेक्शन चालू असताना ताटात वाढलंय म्हणून संपवायचं नाही. आपल्याकडे पानात टाकणं पाप समजतात, म्हणून आधीच निम्मं वाढून घ्यायचं. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान. पोट भरलं असा पहिला इशारा आला की हात थांबवायचा, कारण जठर सावकाश रिकामं होतंय, वरून टाकलेला घास आत जायला जागा नसते, तो परत येतो. तळलेलं, तर्रीवालं, साजूक तुपातलं या दिवसांत सगळ्यात जास्त त्रास देतं. ताईची सगळ्यात मोठी उलटी साबुदाण्याच्या खिचडीनंतर झाली, संकष्टीला. दिवसभर उपाशी आणि रात्री चंद्रोदयानंतर एकदम तेलकट-तुपकट. उपवास करणाऱ्या शुगरच्या माणसानं इंजेक्शन घेताना तर आधी डॉक्टरला विचारायचंच. देव समजून घेईल, ग्लिमेपिराइड समजून घेत नाही.

रात्रीचं जेवण लवकर आणि जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. पाणी घोटघोट, दिवसभर. उलट्या-जुलाब झाले की नुसतं लिंबूपाणी पुरत नाही, जलसंजीवनीची पुडी आणायची. मऊ भात, मुगाचं वरण, ताक हे बहुतेकांना झेपतं. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवून इसबगोल, तरी चार दिवस पोट साफ नाही तर दाखवायचं. आणि मळमळ कमी झाली नसेल तर पुढची पायरी चढायची नाही. त्याच डोसवर आणखी काही आठवडे थांबता येतं, मागे येता येतं. यात हार-जीत काही नाही. ही एक गोष्ट कुणी सांगितली असती तर ताईचं पुढचं सगळं टळलं असतं.

कधी थांबायचं नाही तेही ऐका. दिवसभर पाण्याचा घोट टिकत नाही, लघवी कमी झाली, उभं राहिलं की अंधारी येते, तर दवाखाना. पोटात वरच्या बाजूला जोराची कळ येऊन ती पाठीत जातेय आणि थांबत नाही, तर रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना. स्वादुपिंडाला सूज असू शकते. पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही झपाट्यानं वजन उतरलं की वाढतो. घाम, थरथर, बोलणं असंबद्ध, तर आधी शुगर तपासा. घरात ज्यांना थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झालाय त्यांनी हे औषध घ्यायचंच नाही. दिवस राहण्याचा विचार असलेल्या मुलींनी सेमाग्लुटाइड निदान दोन महिने आधी बंद करायचं असतं. टिर्झेपटाइड चालू करताना आणि डोस वाढवताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा काही आठवडे कमी होतो. लग्नाच्या आधी बारीक व्हायला आलेल्या किती मुलींना त्या सेंटरनं हे सांगितलं असेल? आणि ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला इंजेक्शनचं सांगायचं, कारण उपाशी असूनही पोटात अन्न असू शकतं.

आणखी एक मुद्दा फार कुणी बोलत नाही. वजन उतरतं म्हणजे नुसती चरबी उतरत नाही, स्नायूही उतरतात. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा 2004 मधला फोटो प्रसिद्ध आहे. ते स्वतः आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय एकच, 22.3. इंग्रजाच्या अंगात चरबी 9 टक्के, आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21. आपली शरीरं अशी आहेत, दिसायला बारीक, आत चरबी जास्त, स्नायू कमी. मुळात तुटपुंजे असलेले स्नायू भूक मारून आणखी घालवले तर काटा खाली जाईल आणि माणूस खुर्चीतून उठायला हात मागेल. म्हणून डाळ, अंडी, मटकी, दही, पनीर, जे चालतं ते प्रत्येक जेवणात, आणि जमेल तेवढा जोर लावायचा व्यायाम. ताई आता पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या उचलते, टीव्ही बघताना. गुलाबी कार्डावर स्नायूंचा रकानाही नव्हता.

इंजेक्शन बंद केलं की काय होतं, हेही विकताना सांगत नाहीत. त्याच 2021 च्या चाचणीतल्या लोकांचा पुढे वर्षभर पाठपुरावा केला तर उतरलेल्या वजनातलं दोन-तृतीयांश परत आलं होतं. म्हणजे हा दोन महिन्यांचा 'मॅरेज पॅकेज' नव्हे, हा बीपीच्या गोळीसारखा लांबचा उपचार आहे. मॅरेज पॅकेज हा शब्द माझा नाही, त्यांच्या पत्रकावरचा आहे.

आता आपल्याबद्दल. ताई दोन दिवस चुकीच्या उपचारावर का राहिली? सेंटरमुळे अर्धी. उरलेली अर्धी आपल्यामुळे. आपण जाड माणसाला लहानपणापासून नाव ठेवतो आणि मग त्यानं उपाय केला तर त्यालाही नाव ठेवतो. "आयतं पाहिजे यांना." "तोंड आवरत नाही म्हणून सुया टोचून घेतात." ताईला मी स्वतः लहानपणी काय म्हणायचो ते इथं लिहिणार नाही. बीपीची गोळी आपण सगळ्यांसमोर घेतो, शुगरची घेतो. हे इंजेक्शन मात्र पिशवीत लपवून आणायचं, मागच्या दारी उलटी करायची आणि डॉक्टरपुढेही तोंड उघडायचं नाही. त्या बायकांच्या ग्रुपवर चाळीसेक जणी होत्या असं ताई सांगते. त्यातल्या किती जणी आज हे वाचताना दाराकडे बघत असतील?

त्यांना सांगतो. नवऱ्याला सांगू नका वाटलं तर नका सांगू. पण घरातल्या एका माणसाला सांगा, आणि डॉक्टरनं औषधं विचारली की पहिलं नाव या इंजेक्शनचं घ्या. खोक्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. त्रास झाला असेल तर 1800-180-3024 हा औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा सरकारी टोल फ्री नंबर आहे. रुग्णाला स्वतः भरता येईल असा फॉर्मही असतो, मराठीतही असतो. ताईचा फॉर्म मी भरला. गाझियाबादला जातो म्हणून काय झालं, नोंद तर होते. नोंदच नसेल तर उद्या कुणी विचारलं की तुमच्या तालुक्यात किती जणांना त्रास झाला, तर उत्तर शून्य येईल.

अन्न व औषध प्रशासनाकडे मी अर्ज दिलाय. जाहिरातीचं कात्रण, ग्रुपवरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट, गुलाबी कार्डाची झेरॉक्स जोडलीय. अर्जात ही जाहिरात मी आणली होती हेही लिहिलंय. पोच माझ्याकडे आहे, पुढे काय होतं ते इथं लिहीन. आमच्या पेपरच्या ऑफिसला कळवलंय की अशी जाहिरात माझ्या तालुक्यातून मी पाठवणार नाही. तिकडून उत्तर आलं की दिवाळी अंकाचं टार्गेट तेवढंच राहील. राहू दे. त्या जाहिरातीचं कमिशन ताईच्या दवाखान्याच्या बिलात भरलं. पहिल्या दिवसाच्या सलाइनलाही पुरलं नाही.

मेडिकलवाल्या मित्रांना एवढंच म्हणेन की चिठ्ठी मागा. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल म्हणता, तर संघटनेची मीटिंग बोलवा आणि सगळ्यांनी एकदम मागा. पाचातल्या दोघांना जमतंय, उरलेल्यांना का जमू नये? आणि गावातल्या डॉक्टर मंडळींना विनंती, तुमच्याकडे येणाऱ्या बाईला कॉटशेजारची माणसं बाहेर पाठवून एकदा विचारा.

लग्न झालं. ताई खुर्चीवर बसून सगळं बघत होती, फोटोत विहीणबाईंच्या शेजारी आहे. किडनीचे रिपोर्ट आता जागेवर आलेत. इंजेक्शन बंद होतं, दीड महिन्यानं जिल्ह्याच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून पुन्हा पहिल्या पायरीपासून चालू केलं, ग्लिमेपिराइड बंद करून. मी नको म्हणत होतो. ताई म्हणाली, "गुडघे तुझे दुखतात का माझे?" दाजींनी फ्रिजला इन्व्हर्टर जोडून घेतलाय. डोसचा दिवस आता बुधवार नाही, शुक्रवार आहे. दाजी स्वतः घेऊन जातात आणि येताना जलसंजीवनीच्या चार पुड्या आणतात.